घाटाचा एक दिवस, गाड्याचे साडेतीन महिने

७ मे २०१४. वैशाख शुद्ध अष्टमी. अक्षय्य तृतीया होऊन पाचच दिवस झाले होते. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने 'भारतीय प्राणी कल्याण मंडळ विरुद्ध ए. नागराजा' या खटल्याचा निकाल दिला आणि तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. मंचर, जुन्नर, खेड या पट्ट्यात त्या वर्षीचा शर्यतींचा काळ तसाही सरत आला होता. त्यानंतरचा उघड, कायदेशीर हंगाम आला तो २०२२ साली.

या निकालावर, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कज्ज्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या धाग्याचा प्रश्न थोडा निराळा आहे. खेळाचा हंगाम किती लांब असावा? हौशी मंडळींनी चालवलेल्या कोणत्याही स्पर्धेत, मग ती मोबाइलवरची लीग असो, कॅरमची असो की गावच्या पटांगणातली टेनिस चेंडूची 'प्रीमियर लीग' असो, हा वाद एकदा तरी होतोच. एक पक्ष म्हणतो, सामने भरपूर ठेवा. दोन-चार डावांत नशीब जिंकते, तीस डावांत कसब. दुसरा म्हणतो, हंगाम लांबला की निम्मे गडी मध्येच गळतात. ज्याला जिंकण्याची आशा उरली नाही तो दहाव्या आठवड्यात कशाला येईल? दोघांचेही खरे आहे. म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या घाटांनी तो अनेक पिढ्या कसा मिटवला होता आणि पुढे तो पुन्हा कसा उघडा पडला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी घाट म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण सातारा-सांगलीकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर वेगळीच शर्यत असेल. तिकडे सपाट रानात अनेक गाड्या एकदम सुटतात, गट पडतात, गटातून उपांत्य आणि मग अंतिम फेरी होते. उत्तर पुण्याचा घाट हा चढाचा असतो. गावाच्या कडेला उताराची जमीन पाहून मातीची लांबट धाव तयार केलेली असते. खालून गाडा सुटतो, वर निशाणापाशी संपतो. गाड्याला दोन बैल जुंपलेले, त्यांच्या पुढे आणखी दोन, ज्यांना जुकाट म्हणतात. आणि अनेक घाटांत या सर्वांच्या पुढे भरधाव घोडी. एका वेळी एकच गाडा धावतो. या एका धावेला 'बारी' म्हणतात. प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, तो घड्याळात असतो. दहा-पंधरा सेकंदांत वर्षभराच्या खुराकाचा निकाल लागतो.

निकालाची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक हा येथे एकेका गाड्याचा नसतो. तो सेकंदांचा टप्पा असतो. ठरावीक वेळेच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्यात, त्यानंतरच्या टप्प्यातले दुसऱ्यात. एका क्रमांकात अनेक गाडे बसतात आणि इनाम त्यांच्यात वाटले जाते. दिवसातील सर्वांत कमी वेळ घेणारा तो 'घाटाचा राजा'. म्हणजे राजा एकच, पण रिकाम्या हाताने परतणारे तुलनेने थोडे. आजच्या लीगवाल्यांना हीच अडचण छळते: तळाच्या संघाला खेळात धरून कसे ठेवायचे? घाटाने तिचा उपाय इनामाच्या वाटणीतच करून ठेवला होता.

आता हंगाम. पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातील नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा भरते. माघ पौर्णिमेला धामणीच्या म्हाळसाकांताची. चैत्र पौर्णिमेला खेड तालुक्यातील निमगावच्या खंडोबाची. यांच्या अधल्यामधल्या तिथींना वाडी-वस्तीच्या ग्रामदैवतांच्या यात्रा असतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास यात्रांची दाटी होते. २०१४ चेच पंचांग घ्या. पौष पौर्णिमा १६ जानेवारीला होती, अक्षय्य तृतीया २ मेला. मधले दिवस १०६, म्हणजे साधारण साडेतीन महिने.

हा काळ देवाने निवडला असे कोणी म्हणेल. शेतीने निवडला असेही म्हणता येते. खरिपाचे धान्य घरात आलेले, रब्बी उभी किंवा काढणीला, हातात थोडा पैसा, बैलाला थोडी उसंत. जूनमध्ये मृग लागला की तोच बैल औताला हवा. चिखलात घाटही चालत नाही. या पट्ट्यात बैलपोळा श्रावणात न होता भाद्रपदाच्या अमावास्येला होतो. पेरणी-कोळपणीचा ताण ओसरल्यावर बैलाचा हा सण येतो आणि मग पुन्हा पौषाची वाट. हंगामाला दोन्ही बाजूंनी कामाचे कुंपण होते.

दिवसा गाडे आणि रात्री तमाशा, ही यात्रेची जोडी. नारायणगाव ही तमाशाची पंढरी म्हणून ओळखली जाते ती याच वेळापत्रकावर. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडलेले फड वैशाखापर्यंत फिरतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे कारभारी नारायणगावच्या राहुट्यांत येऊन आपल्या यात्रेच्या रात्रीची सुपारी देतात. विठाबाई नारायणगावकरांसारखी कलावंत ज्या रंगमंचावर उभी राहिली, त्याचा हंगामही याच तिथींनी आखला होता.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. साडेतीन महिन्यांचा हंगाम कोणाचा? गाडामालकाचा. गावाचा हंगाम एका दिवसाचा, फार तर दोन-तीन. ज्या घाटावर सहस्रावधी माणसे जमली, तो दुसऱ्या आठवड्यात ओसाड असतो आणि पुढच्या वर्षाच्या तिथीपर्यंत तसाच राहतो. गाडा मात्र पुढच्या गावाला गेलेला असतो. लांब हंगामाचा लाभ त्याला मिळतो: थापलिंगला बैल बुजला, तरी धामणी आहे, निमगाव आहे. आखूड हंगामाचा लाभ गावाला मिळतो: एकच दिवस, म्हणून माहेरवाशीण येते, पुण्या-मुंबईला गेलेला चाकरमानी रजा काढतो, कारभारी वर्गणीचा हिशोब एकदाच मांडतात.

आणि या सगळ्या घाटांची मिळून गुणतालिका कधी नव्हती. तशी ती होणेही कठीण, कारण एका घाटाची लांबी आणि चढ दुसऱ्यासारखा नसतो. दोन घाटांतले सेकंद एका तराजूत घालता येत नाहीत. जो तो राजा आपापल्या घाटाचा, त्या दिवसाचा. वर्षाचा विजेता ठरवायचाच नसल्याने हंगाम किती सामन्यांचा असावा म्हणजे तो निर्णय न्याय्य होईल, हा प्रश्नच उद्भवला नाही.

गुणतालिकेचा जन्म वेगळ्या मातीत झाला. २ मार्च १८८८ रोजी बर्मिंगहॅमच्या ॲस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर यांनी काही फुटबॉल क्लबांना पत्र पाठवले. त्यांची तक्रार साधी होती. ठरलेले सामने आयत्या वेळी रद्द होत, प्रेक्षक परत जात, खेळाडूंचे पगार मात्र द्यावे लागत. उपाय म्हणून १२ क्लबांची फुटबॉल लीग निघाली. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा बाहेर, म्हणजे वाट्याला २२ सामने. पहिल्या हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंड एकही सामना न हरता विजेता ठरला. लांब हंगामाची कल्पना कसबाला न्याय देण्यासाठी निघाली असे आपण मानतो. प्रत्यक्षात ती निघाली आठवड्यामागून आठवडा तिकीट विकले जावे म्हणून. न्याय मागाहून चिकटला.

आता हेच आकडे पुन्हा पाहा. २०१७ सालच्या प्रो कबड्डी लीगमध्येही १२ संघ होते आणि साखळीत प्रत्येकाचे २२ सामने. प्रेस्टनचा हंगाम सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या वर्षीपर्यंत रेंगाळला, कारण इंग्रज कामगाराला मोकळी असे ती मुख्यतः शनिवारची दुपार. कबड्डीचा हंगाम २८ जुलै ते २८ ऑक्टोबर, तीन महिन्यांत उरकला, कारण खेळाडूंना दुसरे काम नव्हते आणि प्रेक्षक घरी पडद्यासमोर होता. सामने तितकेच, संघ तितकेच. लांबी ठरली ती कोणाकडे किती फुरसत आहे यावरून.

कबड्डीचा हा प्रवास मुळातून रंजक आहे, कारण एकाच लीगने दोन्ही टोके करून पाहिली. २०१४ चा पहिला हंगाम ८ संघ, ६० सामने, २६ जुलै ते ३१ ऑगस्ट, जेमतेम पाच आठवडे. तो गाजला. मग २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन आखूड हंगाम झाले, एक जानेवारी-मार्चमध्ये आणि दुसरा जून-जुलैमध्ये. दोन्ही पाटणा पायरेट्सने जिंकले. वर्षात दोन विजेते असले की विजेतेपदाचे वजन घटते, आणि दोन्हीकडे एकच नाव असले की दुसऱ्या हंगामाची गरज काय होती असा प्रश्न पडतो. २०१७ पासून पुन्हा एकच, पण लांब हंगाम: १३८ सामने. शिवाजीनगर-बालेवाडीच्या प्रेक्षकाला पुणेरी पलटणचे विजेतेपद पाहायला मिळाले ते दहाव्या हंगामात, १ मार्च २०२४ रोजी, हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशा निसटत्या फरकाने.

मुंबईची कांगा लीग या दोन्हींहून घाटाला अधिक जवळची. डॉ. होरमसजी कांगा यांच्या स्मरणार्थ १९४८ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाते, जेव्हा बाकीचे क्रिकेट गोण्या पांघरून बसलेले असते. गटात १४ संघ, म्हणजे कागदावर प्रत्येकाचे १३ सामने. त्यातले किती होतील ते ढग ठरवणार. उघडी खेळपट्टी, गुडघाभर गवत, एका दिवसाचा सामना. येथेही हंगाम निसर्गाने आखलेला आणि नोकरदारांच्या रविवारी बसवलेला. सामना वाहून गेला म्हणून कोणी कांगा लीगला अन्यायी म्हटले नाही. सर्वांवर सारखाच पाऊस पडतो.

पुन्हा मंचरकडे. घाटाचे कुंपण न्यायालयाच्या निकालाच्या पुष्कळ आधीच सैल होऊ लागले होते, आणि ते सैल केले पाण्याने. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली. घोड नदीवरच्या डिंभे धरणाचे पाणी कालव्यांनी आंबेगावात फिरले. जेथे पावसावरची एकदोन पिके होती तेथे ऊस, कांदा, तरकारी आली. भीमाशंकर आणि विघ्नहर हे साखर कारखाने उभे राहिले. सातगाव पठारावरचा खरिपातला बटाटा आणि मंचरची बटाटा-बियाण्याची बाजारपेठ प्रसिद्धच आहे. पाण्याने शेतकऱ्याला बाराही महिने कामाला लावले. त्याच काळात ट्रॅक्टर आला आणि बैलाला कामावरून काढले.

हा उलटफेर विलक्षण आहे. पूर्वी शेतकरी आणि बैल एकाच वेळी मोकळे होत, म्हणून हंगाम होता. आता शेतकऱ्याची फुरसत आटली आणि बैल वर्षभर मोकळा झाला. जो बैल औताला जात नाही, त्याला मृगाची सीमा कशाला? घाटापुरताच बैल सांभाळणे ही नवी गोष्ट. त्याचा खुराक शेतातल्या कामाने फिटत नाही. तो इनामाने किंवा मालकाच्या खिशाने फिटतो. ज्याचा खिसा लहान, त्याने 'जुगलबंदी'चा मार्ग धरला: एकाचे दोन बैल, दुसऱ्याचे दोन, गाडा एक, नावे दोन्ही. चार नामांकित खिलार बैल एकट्याच्या दावणीला असणे ही थोड्यांचीच ऐपत.

यानंतर कायद्याने हंगामाची लांबी शून्यावर आणली. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शनास व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. पुढची तीन वर्षे अर्ज आणि आदेशांच्या गुंत्यात गेली, आणि मग २०१४ चा निकाल आला. न्यायालयाचे म्हणणे नीट समजून घेतले पाहिजे. बैल हा शरीररचनेनेच शर्यतीचा प्राणी नव्हे, आणि त्याला पळवण्यासाठी जी साधने वापरली जातात ती क्रूरतेच्या व्याख्येत बसतात, असा त्याचा गाभा होता. शेपूट पिरगाळणे, टोकदार काठीने टोचणे या गोष्टी विरोधकांच्या कल्पनेतल्या नव्हत्या. घाटावर उभ्या राहिलेल्या कोणालाही त्या ठाऊक होत्या. शर्यतीची बाजू मांडताना हे झाकणारे तिचे भले करत नाहीत.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून परवानगी दिली. पाचच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती आली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह शर्यतींना मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

बंदी ते मुभा हा काळ सात वर्षे सात महिन्यांचा. माणसाच्या हिशोबात हा एक अंतराळ. बैलाच्या हिशोबात जवळजवळ पूर्ण कारकीर्द. शर्यतीच्या बोलीत बैलाचे वय दातांवरून सांगतात: दुधाचे दात असलेला आदत, दोन पक्के दात आलेला दुसा, चार आलेला चौसा. २०१३ च्या पावसाळ्यात जन्मलेले खोंड बंदीच्या वेळी पुरते वर्षाचेही नव्हते. मुभा मिळाली तेव्हा ते आठ वर्षांचे, भरल्या दातांचे बैल होते. त्याच्या आदत, दुसा, चौसा या साऱ्या अवस्था एकाही कायदेशीर बारीविना गेल्या. दावणीला बांधून त्याला सांभाळणारे होते, चाकणच्या बाजाराची वाट धरणारेही होते.

२०२२ च्या आरंभी मंचरजवळच्या लांडेवाडीच्या घाटात गाडे पुन्हा धावले. आणि मग हंगामाने पूर्वी कधी न घेतलेला आकार घेतला. यात्रा होत्याच; त्यांच्या जोडीला मोठ्या स्पर्धा आल्या, ज्यांचा तिथीशी संबंध नव्हता. २०२२ च्या मे महिन्याच्या अखेरीस पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे अनेक दिवस चाललेली शर्यत हे त्याचे ठळक उदाहरण. नेत्यांचे वाढदिवस, नव्या चषकांची नावे, टोकन काढून दिवसादिवसांत वाटलेल्या बाऱ्या, आणि इनामात मोटारसायकली, ट्रॅक्टर, चारचाकी.

हौशी स्पर्धेतला जुना वाद येथे पैशांसकट उभा राहतो. बाऱ्या वाढल्या तर चांगला बैल अधिक वेळा दिसेल, मालकाचा खर्च निघण्याची आशा वाढेल, खोंडांच्या बाजाराला उठाव येईल. हे खरे आहे. पण लांब हंगामात टिकायला बदली बैल लागतात, वाहतूक लागते, माणसे लागतात. दोन बैलांचा जुगलबंदीवाला पाच यात्रा करू शकतो. पंचवीस मैदाने करणे त्याच्या आवाक्यातले नाही. शिवाय थकतो तो बैल. महाराष्ट्रात परवानगी जिल्हाधिकारी देतात, ती एकेका शर्यतीसाठी. अंतर, देखरेख, वैद्यकीय तपासणी या गोष्टी त्या एका दिवसाच्या आहेत. तोच बैल परवा दुसऱ्या घाटात होता की नाही, हे त्या दिवसाच्या कागदावरून कळणार नाही. पूर्वी हे काम मृग करत असे.

तमिळनाडूकडे पाहिले तर मदुराईजवळची तीन प्रसिद्ध जल्लिकट्टू आजही सणाला घट्ट बांधलेली आहेत: पोंगलच्या दिवशी अवनियापुरम, दुसऱ्या दिवशी पालमेडू, तिसऱ्या दिवशी अलंगनल्लूर. तीन गावे, तीन दिवस, प्रत्येकाचा आपला. आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांचे मूळ गणितही हेच आहे आणि ते अजून मोडलेले नाही. थापलिंगचा दिवस पौष पौर्णिमेचाच आहे. तो कोणी वाढदिवसाला हलवलेला नाही. प्रश्न आहे तो वैशाख सरल्यावर भरणाऱ्या मैदानांचा, जेथे गाव नाही, देव नाही, तिथी नाही, फक्त इनाम आहे.

त्या इनामांत ट्रॅक्टर असतो. बैलाने जिंकलेला तो ट्रॅक्टर जूनमध्ये शेतात उतरतो, पेरणीपूर्वीची नांगरट एका दिवसात आटोपतो, आणि बैल दावणीला उभा राहून पुढच्या मैदानाची वाट पाहतो.